बाद केलेले तास

आमच्या मॉडेलमध्ये पालशेत नाही.
एक चौकोन आहे, बारा किलोमीटर बाय बारा,
त्यात निम्मा समुद्र, थोडी खाडी, उरलेला कातळ,
आणि या सगळ्यांची मिळून एकच हवा.
विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
मी त्याला एकशे अठरा म्हणते.

शाळेच्या गच्चीवर आमचा पंप आहे.
दिवसाला चोवीस घनमीटर हवा ओढतो
आणि तिच्यातलं जे काही असेल ते
एका पांढऱ्या चकतीवर ठेवतो.
चकती बदलतात शमशुद्दीन परकार, शाळेचे शिपाई,
चिमट्यानं, श्वास रोखून,
लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी.
शेजारचा डबा दर तासाला आकडा पाठवतो.

दोन वर्षं, मार्च आला की,
रात्री अडीच ते पहाटे पाचचे आकडे
माडासारखे उभे राहायचे.
मॉडेल म्हणायचं, हवा स्वच्छ.
मी त्या तासांपुढे खूण करायचे: बाद.
कारण: यंत्रदोष.
असे दोनशे सहा तास.
त्रुटी घटली, आलेख मवाळ झाला,
पेडणेकर सर म्हणाले, छान बसलंय.

या मार्चमध्ये दोष शोधायला स्वतः गेले.
पंप ठीक. नळी ठीक.
खारानं खाल्लेला एक स्क्रू, तेवढाच.
परकार म्हणाले, मॅडम, आज रात्री थांबा.

रात्री खारा वारा पडला.
बराच वेळ एक झावळी हलली नाही.
मग डोंगराकडून मतलई वारा सुटला
आणि त्याच्याबरोबर धूर,
बुटका, जमिनीला धरून, वाट माहीत असल्यासारखा,
शेणाचा, पातेऱ्याचा, ऐनाच्या अर्धओल्या डहाळ्यांचा.
एकशे वीस. एकशे ऐंशी. दोनशे चाळीस.
मला खोकला आला. त्याची नोंद केली नाही,
आमच्या वहीत खोकल्याला रकाना नाही.

परकारांच्या वहीत होता.
जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पाठीवर,
उताराच्या अक्षरात, तारखेनिशी:
मतलई उशिरा. धूर. दोन पोरं आली नाहीत, दमा.
मतलई वेळेवर. धूर कमी. एक पोरगी.
तीन मार्च महिने.
मी विचारलं, सांगितलं का नाहीत?
म्हणाले, तुमचा डबा सांगतोय की.

सकाळी वरच्या वाडीत गेले.
द्रौपदी भुवड राबाच्या कडेला बसून चहा पीत होत्या.
चपलेखाली जमीन अजून ऊन.
कधी पेटवलात?
"तिन्हीसांजेला. वाऱ्याच्या पाठीला लावायचा गो.
तोंडाला लावलास तं भुरकन जातो, माती भाजत नाय."
दरवर्षी?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मी विचारलं, भात दरवर्षी जेवता का.

उत्सर्जनाच्या आमच्या यादीत ट्रक आहेत, जहाजं आहेत,
वीटभट्ट्या आहेत, कुठल्याशा देशात मोजलेल्या चुली आहेत.
राब नाही.
सव्वा गुंठ्याची आग, वरून मातीचा थर,
उपग्रहाला ती दिसतच नाही.
तो वरून जातो तेव्हा दुपार असते
आणि भुवडबाई झोपलेल्या असतात.

चकतीवर मात्र दोघं एकत्र निघाले,
समुद्राचं सोडियम, पाचोळ्याचं पोटॅशियम,
एकाच करड्या डागात.

दोनशे सहा तास परत घेतले.
त्रुटी दुपटीनं वाढली.
सर बराच वेळ आलेख बघत राहिले,
म्हणाले, आधीचं दिसायला बरं होतं.
मग खुर्ची जवळ ओढली, विचारलं,
सव्वा गुंठा म्हणजे किती चौरस मीटर?

'यंत्रदोष' खोडल्यावर
कारणाच्या रकान्यात काय घालावं सुचेना.
लिहिलं: भुवड, वरची वाडी, वाऱ्याच्या पाठीला.
संगणकानं घेतलं नाही,
त्याला तिथे अंक लागतो.
अंक टाकला.
वहीत ते तसंच ठेवलंय.